भासऱ्यांच्या गाडीतून आईस्क्रीम खायला

माझ्या भासऱ्यांना आईस्क्रीम आवडत नाही. दोन चमचे खाल्ले की त्यांची दाढ ठणकते आणि उरलेला कप ते बायकोपुढे सरकवतात. तरी मागच्या दिवाळीनंतर त्यांनी आईस्क्रीमचं दुकान काढायचं ठरवलं, आणि त्यापायी आम्ही चौघं एक अख्खा दिवस त्यांच्या गाडीतून गावोगावची आईस्क्रीमची दुकानं पाहत फिरलो. त्या दिवसाचं घरात आता कोणी नाव काढत नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो जात नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लोकांना प्लॉट घेऊन देण्याचं काम करतात आणि सकाळपासून फोनवर असतात. आमचं घर नागपूरला दिघोरीच्या पुढे आहे. पुढच्या खोल्या त्यांच्या, मागच्या दोन आमच्या, आणि रस्त्याकडे पत्र्याची एक छपरी, ती दोघांची. त्या छपरीत मी अकरा वर्षं आईस्क्रीम बनवते आहे. लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा उंच डबा, डब्याभोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि वर फिरवायचा दांडा. हा पॉट माझ्या बापाचा. कुहीकडच्या आमच्या गावात तो धानाची शेती करायचा आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की तिथे आईस्क्रीम विकायचा. सीताफळाच्या बिया काढायला बारीक बोटं लागतात म्हणून चौथीनंतर त्यानं मला शाळेतून काढलं. त्याचा मला राग होता आणि अजून आहे. पण माझ्या हाताला जे येतं ते त्याच्याकडूनच आलं, आणि मरायच्या आधी त्यानं पॉट भावाला न देता मला दिला.

मी लोकांशी फारसं बोलत नाही. कप भरते, पुढे करते, आत जाते. तरी वस्तीतले लोक येतात. सीताफळाच्या दिवसांत तर शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाया डबे आणून ठेवून जातात. घरात माझं म्हणावं असं एवढं एकच होतं.

भासऱ्यांचा बेत मी भिंतीआडून ऐकला होता. छपरीला शटर लावायचं, काचेचं काउंटर टाकायचं, पाटी जाऊबाईंच्या नावाची, गल्ल्यावर जाऊबाई, आणि मी मागच्या खोलीत बसून दांडा फिरवायचा. मला कोणी विचारलं नव्हतं. मी समजले, नुसतं बोलणं असेल. ते दर वर्षी काहीतरी काढायचं ठरवतात, एकदा मंगल कार्यालय काढणार होते.

आमच्या घरी सून भासऱ्यांशी बोलत नाही. आजकाल हे कोणी पाळत नाही. समोरच्या घरातली सून भासऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून भाजीबाजारात जाते. आमच्याकडे सासूबाईंनी पाळायला लावलं, आणि सासूबाई गेल्यावरही ते भासऱ्यांनी चालू ठेवलं, कारण त्यांना ते सोयीचं आहे. त्यांना माझ्याकडून काही हवं असलं की ते मी समोर असताना बायकोला म्हणतात, "लहानीले सांग." मी जे सांगते ते जाऊबाईंना सांगते, मग जाऊबाई त्यांना सांगतात, जरी ते दोन हातांवर बसलेले असले तरी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते, आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. बोलण्यासारखं त्यांच्यात मला काही दिसलं नव्हतं.

जाऊबाईंनी मला बरोबर घ्यायला लावलं ते माझ्या जिभेसाठी. आईस्क्रीम तोंडात ठेवलं की त्यात काय पडलंय ते मला कळतं. दूध गाईचं की म्हशीचं, आटवलेलं की पावडरचं, कॉर्नफ्लोअर किती, फळ खरं की इसेन्स. यात काही मोठं नाही, लहानपणापासून चाखत आले, एवढंच. पण एका लग्नात मी जाऊबाईंच्या कानात म्हटलं की या आईस्क्रीममध्ये पपई मिसळून आंबा म्हणून वाढलाय, आणि जाऊबाईंनी ते सगळ्या पंगतीला सांगितलं, आणि आचाऱ्यानं कबूल केलं. तेव्हापासून भासऱ्यांना वाटतं की त्यांच्या बायकोची जीभ फार तेज आहे. जाऊबाईंनी त्यांचा गैरसमज काढला नाही. काढला असता तरी त्यांनी मानलं नसतं.

त्या दिवशी नवऱ्याची सुट्टी होती. तो खापरखेड्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे काम करतो. मला सकाळी सहाला उठवून म्हणाला, "तयार होय. दादा फिरायले नेऊन राहिला."

"कुठं?"

"आईस्क्रीम खायले. तुह्या आवडीचंच तं हाय."

दिवस थंडीचे होते. भासऱ्यांचं म्हणणं, थंडीत दुकानं रिकामी असतात, मालक गप्पा मारतात, गप्पांत माणूस सगळं सांगून जातो. पुढे भासरे आणि जाऊबाई, मागे आम्ही दोघं. मी डोक्यावर पदर घेऊन बरोबर भासऱ्यांच्या पाठीमागे बसले, म्हणजे आरशात आमची नजर पडू नये. गाडी मौद्याच्या पुढे जाईपर्यंत ते प्लॉटचे भाव सांगत होते. जाऊबाईंनी मागे वळून मला पदर नीट घ्यायला सांगितलं, तो नीटच होता.

पहिलं दुकान महामार्गावर होतं, चकचकीत, काचेचं. मशीनमधून पांढरी वेटोळी पडत होती. भासऱ्यांनी चार प्रकार मागवले आणि टेबलावर बसून बायकोला म्हणाले, "चाखून सांग," आणि फोनवर बोलू लागले.

मी चाखलं आणि जाऊबाईंच्या कानात सांगितलं, दूध नावालाच आहे, पावडर आणि पामतेल आहे, जिभेवर मेण चढतंय, व्हॅनिलाचा इसेन्स जास्त पडलाय.

जाऊबाईंनी आधी एक चमचा तोंडात ठेवला, डोळे मिटले, टाळूला जीभ लावून चटचट केलं आणि म्हणाल्या, "पावडर हाय. पामतेल हाय. मेणावानी लागून राहिलं बापा."

"पाह्य," भासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "वहिनीची जीभ पाह्य गा तुह्या. हे मशीनपेक्षा तेज हाय."

"हाव नं दादा," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या शेजारी बसला होता. मी जाऊबाईंच्या कानात काय बोलले ते त्यानं ऐकलं होतं. त्यानं माझ्याकडे न बघता माझ्या कपातलं चॉकलेट संपवलं.

दुसरं दुकान पुढच्या मोठ्या गावात, बाजाराच्या कोपऱ्यावर. मालक साठीचा, पांढऱ्या बनियनवर. दुकान साधं, पण आत शिरल्या शिरल्या मला आटवलेल्या दुधाचा वास आला आणि मी मनात म्हटलं, इथे माणूस काम जाणतो. सीताफळाचं आईस्क्रीम आलं. मी पहिला चमचा घेतला आणि थांबले. सहसा मला कोणाचं काही एवढं आवडत नाही. दूध म्हशीचं, मंद आचेवर आटवलेलं, साखर बेताची, आणि गर कच्चा, अर्धं गोठल्यावर घातलेला, पाकळ्या पाकळ्या हाताला लागाव्यात तशा जिभेला लागत होत्या. माझा बाप असंच करायचा. सीताफळाचा गर आचेवर जाऊ द्यायचा नसतो. गेला की कडू होतो, आणि मग कितीही साखर घाला, मागून घशात कडवट उरतो. हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. जाऊबाईंना ते माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्यांच्या दारासमोर पॉट फिरला, पण त्यांनी एकदाही वाकून आत पाहिलं नव्हतं. मिठाच्या पाण्यानं फरशी खराब होते, एवढीच त्यांची तक्रार असायची.

मालक गप्पिष्ट होता. भासऱ्यांनी सांगितलं की ते नागपूरला पार्लर काढताहेत. मालकानं विचारलं, "बनवणार कोण?"

"हे." भासऱ्यांनी हातानं माझ्याकडे दाखवलं, डोळ्यांनी नाही. "घरचीच हाय. हे मागं बसून फिरवील. काउंटरवर आमची बाई. हिले काउंटरवर बसवलं तं गिऱ्हाईक पळून जाईन, हिच्या तोंडातून आवाजच निघत नाही. चौथी शिकली हाय, सुटे पैसे द्यायले संध्याकाळ होईन."

मालक हसला नाही. जाऊबाई हसल्या. आणि माझा नवरा हसला. मोठ्यानं नाही, नाकातून थोडा, पण हसला.

अकरा वर्षं मीच सुटे पैसे देते आहे. एकाही माणसानं येऊन सांगितलं नाही की बाई, तू चुकलीस.

मग भासरे बायकोला म्हणाले, "तू सांग, याच्यात काय करामत हाय," आणि पुन्हा मालकाकडे वळले.

जाऊबाई माझ्याकडे झुकल्या. त्यांच्या कानातल्या झुमक्याला केसांच्या तेलाचा वास येत होता. "काय हाय वं? लवकर सांग."

मी म्हटलं, "बाई, याची सगळी करामत गर शिजवण्यात आहे. दूध आटत आलं की सीताफळाचा गर त्यातच टाकायचा आणि चांगला अर्धा तास उकळू द्यायचा. जितका उकळेल तितका गोड."

हे माझ्या तोंडातून कसं निघालं ते मला ठाऊक आहे. विचार करून निघालं. घाबरून निघालं नाही, चुकून निघालं नाही. मी त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले आणि मला बरं वाटलं.

जाऊबाईंनी पुन्हा चमचा तोंडात ठेवला, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा चटचट. मालक तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. "शिजवलेलं हाय," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "सीताफळ दुधात अर्धा घंटा शिजवते हा. मले पहिल्या चमच्यातच समजलं."

भासऱ्यांनी मोबाईल काढून जाऊबाईंच्या तोंडापुढे धरला. "पुन्हा बोल. रेकॉर्ड करतो."

जाऊबाई पुन्हा बोलल्या. मी सीताफळाचा तो कप शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ला.

परतताना भंडाऱ्याकडून अंभोऱ्याच्या नव्या पुलावरून आलो. भासऱ्यांनी पुलावर गाडी थांबवली. जाऊबाईंनी खाली नदीकडे पाठ करून फोटो काढले. मी गाडीतच बसले. नवराही बसला. त्याला वाटलं मी थकले.

पुढे रस्त्याला लागल्यावर जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "शटरवाला बुधवारी येऊन राहिला नं पक्का?"

"बुधवारी. ॲडव्हान्स देल्ला त्याले."

"मंग तो पॉट बुधवारच्या आधी तिथून उचलाले पाहिजे. मिठाचं पाणी सांडून सांडून फरशी खाऊन टाकली तिनं."

"हा उचलील नं. त्याले सांगून ठेवलं." हा म्हणजे माझा नवरा.

मी पदराआडून नवऱ्याला हळू विचारलं, "तुम्हाले माहीत होतं?"

"काय?"

"शटर."

"अवं, आज नं उद्या लावाचंच होतं. दादानं इचारलं, मी हाव म्हटलं. तुह्या फायद्याचंच हाय. मोठं दुकान होईन."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू कोणतं बोलते," तो म्हणाला. "तुले सांगून काय होते?"

त्यानं हे वाईट बोलायचं म्हणून नाही म्हटलं. ते जास्त वाईट होतं. बाहेर धानाची कापणी झालेली शेतं चालली होती, गावांच्या वेशीवर मंडईचे फलक लावले होते, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की बुधवारपर्यंत चार दिवस आहेत आणि या गाडीतल्या तिघांपैकी माझ्या बाजूनं कोणीही नाही. मी नवऱ्यापासून दाराकडे सरकले. त्यालाही ते कळलं नाही, त्यानं मोकळ्या जागेत पाय पसरले.

तिसरं दुकान माझ्या माहेरच्या पट्ट्यात होतं. रस्त्याला लागून घर, घरासमोर मांडव, मांडवात चार खुर्च्या. चालवणारी बाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, नऊवारी नेसलेली, हातात बांगड्या आणि हात बर्फानं लाल. तिच्याकडे पॉट होता, माझ्यासारखाच, फक्त दांड्याच्या जागी तिनं मोटर बसवून घेतली होती. ती मोटर इतका आवाज करत होती की सगळे ओरडूनच बोलत होते.

भासरे रंगात आले होते. तीन दुकानांत मिळून त्यांनी सहाच चमचे खाल्ले असतील, पण आता ते शिकवायच्या तयारीत होते. "मावशी, सीताफळ कसं करता तुम्ही?"

"जसं सगळेच करते तसं," ती म्हणाली.

"नाही, तुम्ही शिजवता किती? आमची बाई म्हणते अर्धा घंटा पाहिजे."

बाईनं मोटर बंद केली. "काय शिजवाचं?"

"सीताफळ," जाऊबाई म्हणाल्या. "दुधात. अर्धा घंटा. मंग गोडी येते."

ती बाई आधी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग अशी हसायला लागली की तिला खुर्ची धरावी लागली. "वं माय! सीताफळ शिजवते! कोणं शिकवलं वं तुले? कडू जहर होते ते. कुत्रं खाणार नाही."

"मी भंडाऱ्याकडं चाखलं आताच," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "माह्या जिभेले समजते."

"समजते?" बाई उठली, डब्यातून एक कप भरून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "मंग हे सांग बरं. हे आजच्या सकाळचं हाय आणि याच्यात माही एक चूक झाली हाय. कोणती ते सांग. सांगितलं तं चौघांचे पैसे घेत नाही."

जाऊबाईंनी चमचा तोंडात ठेवला. डोळे मिटले. यावेळी चटचट झाली नाही. डोळे उघडून त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. भासरे त्यांच्याकडे बघत होते, नवरा माझ्याकडे. मी रस्त्याकडे बघत बसले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धानाची पोती घेऊन चालला होता, तो पूर्ण जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघितलं.

"साखर," जाऊबाई म्हणाल्या. "साखर जास्त झाली."

"नाही," बाई म्हणाली.

"इलायची."

"इलायची टाकतच नाही मी."

भासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांना हसलेलं चालत नाही, आणि एक खेड्यातली बाई त्यांना हसली होती. ते बायकोला म्हणाले, "तू तर म्हणे पहिल्या चमच्यात समजते?"

जाऊबाईंनी लगेच मला पुढे केलं. "मले हिनं सांगतलं! हिनं म्हटलं शिजवते म्हणून. इचार हिले!"

दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी कबूल केलं की जीभ माझी आहे. तेही अंगावर आल्यावर.

बाईनं तो कप उचलून माझ्यापुढे ठेवला. "तू सांग वं."

मी चाखलं. उशीर लागला नाही. तिच्याशी बोलायला मला अडचण वाटली नाही, ती मला माझ्या गावाकडच्या बायांसारखी वाटली. मी म्हटलं, "मावशी, दूध चांगलं आहे, म्हशीचं आहे. आटवताना बुडाला जरासं लागलं, पण ते चालते. गर कच्चा आहे. मीठ गेलं आत. मधून झाकण उघडलं तेव्हा वरचं पाणी पुसलं नाही, दोन-चार थेंब पडले."

तिनं मांडीवर थाप मारली. "फोन आला वं सकाळी! फोन घेता घेता उघडलं मी झाकण. पुसाचं राहून गेलं." मग भासऱ्यांकडे वळून म्हणाली, "हे कोण हाय तुमची?"

"लहान्याची बायको," भासरे म्हणाले.

"मंग हिलेच इचारा नं, दुसऱ्याले काहून इचारता?"

ते खुर्चीतून उठले, पँट वर ओढली, आणि माझ्यापासून चार फुटांवर उभं राहून, मला पाठमोरे होऊन बायकोला म्हणाले, "तिले इचार, खोटं काहून सांगतलं. घरच्याच माणसाले फसवते काय? तिले इचार."

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "काहून वं खोटं सांगतलं?"

मी उभी राहिले. पदर डोक्यावरून घसरला होता, तो मी सावरला नाही. मी भासऱ्यांच्या पाठीला म्हटलं, "मी मुद्दाम सांगितलं खोटं."

ते वळले. माझा आवाज त्यांनी याआधी ऐकलाच नसेल असं त्यांचं तोंड झालं. आवाज फाटका निघाला होता, बारीक, पण निघाला.

"शटर लावा तुम्ही. छपरी तुमची अर्धी आहे, लावा. पण मी दांडा फिरवणार नाही. पॉट माझ्या बापाचा आहे. त्याले कोणी हात लावाचा नाही, यांनीही नाही. आणि माझ्या जिभेवर तुमचं दुकान चालणार नाही."

एवढंच. याहून जास्त मला आलं नाही. गाडीत बसल्यावर पन्नास गोष्टी सुचल्या, मागे बोलायच्या राहिलेल्या, पण त्या वेळेला एवढंच आलं.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि पुन्हा बायकोकडे वळले, जसं काही मधल्या वेळात कोणी बोललंच नाही. म्हणाले, "तिले सांग, गाडीत बस म्हणा. उशीर झाला."

आणि जाऊबाईंनी मला सांगितलं, "गाडीत बस वं. उशीर झाला."

त्या बाईनं जाताना माझा हात धरला. तिचा हात थंड होता. मग तिनं मोटर पुन्हा चालू केली. तिचे पैसे भासऱ्यांनी नवऱ्याला द्यायला लावले.

घरी दारात उतरल्यावर नवरा म्हणाला, "माही इज्जत घालवली तू." मी म्हटलं, "दुपारी तुम्ही हसले तेव्हा माझी गेली." तो म्हणाला, "मी कवा हसलो?" त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याच्या आठवणीत ते राहावं एवढं ते त्याच्यासाठी मोठं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीनं पॉट छपरीतून ओढत आमच्या मागच्या खोलीत आणला. बादली जड आहे, पण फरशीवरून ओढता येते. ओढताना फरशी आणखी खरवडली. बुधवारी शटर आलं. पाटी आली, जाऊबाईंच्या नावाची, गुलाबी अक्षरांत. पॉटच्या जागी एका कंपनीचा मोठा फ्रीजर आला आणि त्यात कंपनीचे डबे आले. माझी गिऱ्हाइकं आता बाजूच्या बोळीतून मागच्या दारानं येतात. सगळी नाही, निम्मी. काहींना बोळ आवडत नाही, काहींना भासरे पुढेच अडवून म्हणतात की तिकडचं बंद झालं. ते बंद झालेलं नाही, हे मला प्रत्येकाला सांगावं लागतं. बोलायची सवय नाही, तरी सांगते. कधी आवाज निघत नाही तेव्हा बोळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

मागच्या महिन्यात भासऱ्यांकडे प्लॉटचे कोणी मोठे पाहुणे यायचे होते. घरात कंपनीचं आईस्क्रीम भरलेलं असताना त्यांना माझं सीताफळ पाहिजे होतं. ते आमच्या दारात येऊन उभे राहिले, जाऊबाई त्यांच्या मागे. मी चुलीवर दूध ठेवलं होतं.

"लहानीले सांग," ते म्हणाले, "संध्याकाळी चार लिटर सीताफळ लागते. पाहुण्यांसमोर नाव खराब नको कराले म्हणा."

जाऊबाईंनी तोंड उघडलं. त्यांना बोलू देण्याआधी मी ढवळणं थांबवलं आणि त्यांच्या नवऱ्याकडे बघून म्हटलं, "नाही."

ते उभेच राहिले. मी परत म्हटलं, "नाही म्हटलं. ऐकू आलं ना तुम्हाले?"

नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि चप्पल घालून पुढच्या दुकानात गेला. शटर वर करून त्यानं फ्रीजरमधला कंपनीचा डबा काढला. पाहुण्यांनी तोच खाल्ला. भासऱ्यांनी त्यानंतर कोणाच्याही तोंडून मला काही सांगितलेलं नाही, आणि मला त्यांच्याशी पुन्हा बोलायची वेळ आलेली नाही. आली तर मी बोलेन. माझं दूध त्या दिवशी खाली जरासं लागलं, तेवढं एक मला आवडलं नाही.